खोक्यावरचे किलोमीटर

तेर गाव म्हणजे जुनं तगर. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जाई, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथात आहे. एवढा पल्ला, तोही बॅटरीविना! आता वॉकीटॉकीच्या खोक्यावर किलोमीटर असे छापतात, जणू बोलणारे दोघंही डोंगरमाथ्यावरच राहतात. सपाट माळावर उभं राहून बोललं, तर दहाएक किलोमीटरवर पृथ्वीची गोलाईच आडवी येते. मध्ये तेरची पांढरीची टेकाडं, घरं, झाडं आली की आवाज त्याच्या कितीतरी अलीकडेच बसतो. वॅट दुप्पट केले म्हणून पल्ला दुप्पट होत नाही. अँटेना उंच नेली की वाढतो. पुढाऱ्यांना हे केव्हाच उमगलंय: बोलण्यात दम नसला तरी चालतो, जागा उंच हवी. तेव्हा खोकं वाचून भुलू नका, आधी गच्ची गाठा.