अधिकाराची लागण

मार्च २०२० पर्यंत आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचे अधिकार पाण्याची टाकी, पार्किंगमधले पिवळे पट्टे आणि गणपतीची वर्गणी एवढ्यापुरतेच होते. वर्गणीही लोक देतील तेवढीच. मग १३ मार्चला राज्य सरकारने १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला आणि बघता बघता आमच्या गेटवर एक टेबल, एक रजिस्टर, एक थर्मल गन आणि त्यांच्यामागे सेक्रेटरी अशी मांडामांड झाली. गन कपाळाला लावली की ९४ दाखवायची. दूधवाल्याला ९४, वॉचमनला ९४, एप्रिलच्या उन्हात तासभर ताटकळलेल्या कुरिअरवाल्यालाही ९४. एक दिवस कुणीतरी ती गेटच्या खांबाला लावली. खांबही ९४. पण सेक्रेटरींचा विश्वास ढळला नाही. गन आपल्या हातात आहे, हे महत्त्वाचं. ती काय दाखवते हा तांत्रिक तपशील झाला.

मग सूचनाफलकावर फतवे निघू लागले. घरकामाच्या मावशींना बंदी. त्यांना येऊ द्या असं सरकारने सांगितल्यावर ‘सभासदांच्या भावना लक्षात घेऊन’ बंदी. ती उठली तेव्हा मावशींना लिफ्ट बंद. सातव्या मजल्यावर भांडी घासायला जायचं ते जिन्याने, कारण विषाणू लिफ्टने जातो. याच इमारतीत परदेशातून परतलेलं एक कुटुंब होतं. त्यांच्यासाठी मात्र सेक्रेटरींनी स्वतः दारापर्यंत भाजी पोचवली, दुरून हात जोडले आणि तब्येतीची चौकशी केली. विषाणू विमानाने आला आणि बंदी चालत येणाऱ्यांवर पडली. त्या काळातलं सगळं प्रशासन या एका वाक्यात मावतं, पण मला पंधराशे शब्द दिलेत.

सेक्रेटरींना दोष देण्यात अर्थ नाही. साथीत माणसाला दोन गोष्टींची लागण होते, एक रोगाची आणि एक अधिकाराची. रोगावर लस निघाली. अधिकाराच्या लागणीवर संशोधन सुरू होत नाही, कारण त्याला मंजुरी ज्यांनी द्यायची त्यांनाच ती आधी झालेली असते. सेक्रेटरींना ती वॉर्ड ऑफिसातून झाली, वॉर्ड ऑफिसाला आयुक्तांकडून आणि आयुक्तांना एका कायद्याकडून. या शेवटच्या आजोबांचा जन्म इथलाच, मुंबईतल्या मांडवीच्या साथीतला. तेव्हा त्यांची जन्मकथा सांगणं भाग आहे.

२३ सप्टेंबर १८९६ ला डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागातल्या रुग्णाला गाठीचा प्लेग असल्याचं ओळखलं. हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर उभा आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण सगळे सिग्नलकडे बघत असतात. त्या वेळी पालिकेचे आयुक्त होते स्नो नावाचे साहेब. साहेबांकडे १८८८ चा मुंबई महापालिका कायदा होता आणि त्यात ४३४ वं कलम होतं. घातक रोग पसरला तर आयुक्ताने खास उपाय करावेत, असं ते सांगतं. स्नोसाहेबांनी ६ ऑक्टोबरला फर्मान काढलं. रोगी असो की संशयित, त्याला वेगळं काढायचं, गरज पडली तर जबरीने उचलून इस्पितळात न्यायचं, घर धुऊन काढायचं, सामान जाळायचं. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं गेलं. शहर फिनेलच्या बाटलीसारखं दरवळायला लागलं.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि ते शास्त्रज्ञांच्या गळी उतरायला आणखी काही वर्षं गेली. मधल्या काळात पालिकेने गटारं इतक्या निष्ठेने धुतली की उंदरांनी सुरक्षित स्थळी, म्हणजे लोकांच्या घरांत, स्थलांतर केलं. याला कुणी बेपर्वाई म्हणू नये. साहेबांचा हेतू शुद्ध होता. तो पुढे कायद्यात लिहूनही ठेवण्यात आला.

लोकांना मात्र हेतू दिसत नव्हता, डोली दिसत होती. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी बोलवा होती आणि मरणाचे आकडे तिला फारसे खोटं ठरवत नव्हते. २९ ऑक्टोबरला गिरण्यांतले हजारभर कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. दुसऱ्याच दिवशी आयुक्तांनी जबरीचा आदेश आवरता घेतला. चोवीस दिवसांत.

यामागचं कारण मला फार आवडतं. स्नोसाहेब दंग्याला भ्यायले नाहीत. त्यांनी जे लिहून ठेवलंय त्यावरून ते हलालखोरांना भ्यायले. हलालखोर म्हणजे पालिकेचे भंगी, मैला उचलणारे, गटारं उपसणारे. साऱ्या शहरातून माणसं गठुडी बांधून पळत होती. हेही पळाले तर मुंबई चार दिवसांत राहण्याजोगी उरणार नाही, हे साहेबांना कळलं. डॉक्टरांचा सल्ला नाही, वर्तमानपत्रांचे अग्रलेख नाहीत, नगरसेवकांची भाषणं तर नाहीतच. मुंबईच्या आयुक्ताचे तातडीचे अधिकार आटोक्यात आणले ते झाडूने. त्याबद्दल त्या लोकांचा पुतळा कुठेही नाही. निदान कुणी त्याच्याकडे बघत नाही ही तक्रार तरी नको.

सरकारला हा नरमपणा आवडला नाही. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा आला. पुढच्याच महिन्यात गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी पालिकेला बाजूला सारून ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या समितीकडे मुंबईचा प्लेग सोपवला. पुण्यात रँडसाहेब होते. त्यांच्या सोल्जरांनी घरांची झडती घ्यायला सुरुवात केली ती १३ मार्च १८९७ ला. पुढचं शाळेत शिकवलेलं आहे.

तारखेकडे मात्र पुन्हा एकदा बघा. १३ मार्चला रँडची झडती आणि १३ मार्चलाच, एकशे तेवीस वर्षांनी, तोच कायदा पुन्हा अंगावर. इतिहासाला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं? ती पुढेही दिसली. प्लेगच्या काळातल्या लिखाणाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, ते तुरुंगात गेले आणि सुटून आल्यावर ‘केसरी’त त्यांनी ‘पुनश्च हरि ॐ’ म्हटलं. २०२० मध्ये टाळेबंदी सैल करताना मुख्यमंत्र्यांनी हेच शब्द वापरले, आणि सरकारी हुकमावर नाव आलं ‘मिशन बिगिन अगेन’. टिळकांना ज्या धोरणाशी भांडताना तुरुंगात जावं लागलं, त्याच धोरणाचा कायदा राबवताना सरकार टिळकांचा मंत्र म्हणत होतं. इंग्रज असता तर ओशाळला असता.

कायदा मोठा गुणी आहे. मुळात कलमं चारच. पहिल्यात नाव, दुसऱ्यात सरकारने हवं ते करावं, तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा. चौथं कलम म्हणतं, या कायद्याखाली सद्हेतूने जे काही केलं त्याबद्दल कुणावरही दावा चालणार नाही. चूक करणाऱ्याने स्वतःचं माफीपत्र आधीच शिवून घालावं अशी सोय इतक्या थोडक्यात दुसरीकडे सापडणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने कायदा सुधारला, डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. ते योग्यच झालं. चौथ्या कलमाला कुणी हात लावला नाही. चालू गाडीला कोण थांबवतो!

मुंबईत हा सद्हेतू पहिल्यांदा हाताच्या पंजावर उमटला. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्का, त्यात इंग्रजीत असं लिहिलेलं की मुंबईकरांचं रक्षण करताना मला अभिमान वाटतो. ज्या शाईने माणूस सरकार निवडतो त्याच शाईने सरकारने माणूस निवडला. ऑगस्टमध्ये हाच शिक्का एका सिनेनटाच्या मृत्यूची चौकशी करायला आलेल्या बिहारच्या आयपीएस अधिकाऱ्याच्या हातावर बसला आणि त्याला गोरेगावच्या विश्रामगृहात विलगीकरणात ठेवण्यात आलं. पाटण्याहून मुंबईत त्या दिवशी आणखी किती माणसं उतरली आणि त्यांपैकी किती जणांना पालिकेने इतक्या आस्थेने गाठलं, हा प्रश्न विचारू नये. यातून चांगला संदेश जात नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. संदेश मात्र स्वच्छ गेला होता.

आदेशांची ये-जा तर लोकलपेक्षा नियमित होती. ३० मार्चला आयुक्तांचा आदेश निघाला की कोरोनाने दगावलेल्या प्रत्येकाचं दहन करायचं, धर्म कुठलाही असो. एका मंत्र्याने फोन फिरवल्यावर काही तासांत तो बदलला. दफनाने रोग पसरतो हे सकाळचं शास्त्र होतं, पसरत नाही हे संध्याकाळचं. ४ मे ला दारूची दुकानं उघडली, ५ मे च्या रात्री आयुक्तांनी बंद केली, २३ मे पासून घरपोच सुरू झाली. शाळा कधी उघडणार याचा पत्ता नसताना बाटली दाराशी येत होती. महसूल ही जीवनावश्यक वस्तू आहे, हे शहराने फार लवकर ओळखलं. जूनमध्ये रस्त्याच्या एका बाजूची दुकानं एका दिवशी, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. याने गर्दी निम्मी होते असा हिशेब होता. झालं असं की दोन फुटपाथांवरची गर्दी एका फुटपाथवर आली. महिनाअखेरीला पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायला मनाई केली. ज्या शहरात लोक दोन तास प्रवास करून कामाला जातात तिथे हा नियम आठवडाभरही टिकला नाही. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकल सर्वांना खुली झाली ती सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. म्हणजे ऑफिसची वेळ सोडून. विषाणू दहा ते सहा ड्युटी करतो, हा शोध आपल्या नावावर आहे.

मी तातडीच्या अधिकारांच्या विरोधात नाही, हे इथे सरळच सांगून टाकतो. साथीत आधी समिती नेमा, मग उपसमिती नेमा असं म्हणत बसलं तर अहवाल यायच्या आत माणसं जातात. अधिकार होते म्हणूनच खासगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटा सरकारी दरात घेता आल्या. धारावीत घरोघरी जाऊन तपासणी झाली, वरळीच्या डोममध्ये मैदानभर खाटा लागल्या, आणि आर्थर रोडच्या त्याच जुन्या इस्पितळात, जे आता कस्तुरबा म्हणून ओळखलं जातं, पहिले रुग्ण सांभाळले गेले. या वेळी त्यावर कुणी चालून गेलं नाही. हे सगळं खरं आहे. पण बघा, खाटांचे दर बांधले तरी बिलांवरून भांडणं महिनोन्‌महिने चालली, आणि मास्क हनुवटीवर आलेल्या भाजीवाल्याकडून दोनशे रुपये मात्र जागेवर वसूल झाले. हाच अधिकार खाली उतरताना धावतो आणि वर चढताना त्याला धाप लागते. त्याचा ऑक्सिजन मोजायचं यंत्र कुणी काढलं नाही.

तर मग पैशाकडे येऊ. मार्च २०२० मध्येच स्थायी समितीने कोरोनाच्या खरेदीसाठी प्रशासनाला सूट दिली. निविदा नको, आधी मंजुरी नको, खर्च करा आणि नंतर कळवा. त्या वेळी ते बरोबरच होतं. व्हेंटिलेटर घेताना तीन कोटेशनं मागवणाऱ्याला लोकांनी ठेवलं नसतं. प्रश्न ‘नंतर कळवा’चा आहे. पुढे राज्य सरकारने ‘कॅग’ला पालिकेच्या कारभाराची तपासणी करायला सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अहवाल विधानसभेत आला. त्यात सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची झाडाझडती आहे. कोरोनावरच्या ३,५३८ कोटी ७३ लाखांच्या खर्चाची नाही. पालिकेने ती कागदपत्रं दिली नाहीत. आधार काय दिला? १८९७ चा साथरोग कायदा. प्लेगच्या रुग्णाला डोलीत घालण्यासाठी केलेला कायदा एकशे सव्वीसाव्या वर्षी फायली झाकायला उपयोगी पडला. रोगी उचलायला घरात शिरता येतं, हिशेब बघायला कपाटात शिरता येत नाही. स्नोसाहेबांना हे सुचलं नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, नगरसेवकांनी विचारायचं होतं. विचारलं असतं. पण ७ मार्च २०२२ ला त्यांची मुदत संपली. राज्यातले निर्बंध उठले ते १ एप्रिलला. म्हणजे साथ होती तोवर २२७ नगरसेवक होते आणि साथ गेली तेव्हा एकही उरला नाही. आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात अडकली, आयुक्तच प्रशासक झाले, आणि स्थायी समिती, महासभा, आयुक्त अशा तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसून स्वतःचे प्रस्ताव स्वतःकडे मांडून स्वतःच मंजूर करू लागला. आणीबाणीत जे थोडं थोडं मागून घ्यावं लागलं ते शांततेच्या काळात एकरकमी मिळालं, तेही जवळजवळ चार वर्षं. याला कुठलाही साथरोग लागला नाही.

जानेवारी २०२६ मध्ये अखेर निवडणूक झाली. आता तुमच्या वॉर्डात नगरसेवक आहे. तो पेव्हर ब्लॉकच्या उद्घाटनाला येईल, तुम्हाला नारळ फोडायला बोलावेल, फोटोत ओढेल. नारळ जरूर फोडा. आणि फोटो काढून झाला की तिथेच, चार माणसांसमोर, त्याला विचारा की ते ३,५३८ कोटी ७३ लाख रुपये कुठल्या वहीत लिहिलेत आणि ती वही सभागृहाच्या टेबलावर कधी ठेवणार. तारीख घेतल्याशिवाय सोडू नका.