आमच्या घरी रेड

वर्धा जिल्ह्यात ‘रेड’ या शब्दाला एकच अर्थ आहे. सत्तरच्या दशकापासून इथे दारूबंदी आहे, आणि दारूबंदी आहे म्हणून रेड आहे. रेड म्हणजे पोलिसांची गाडी, रेड म्हणजे नाल्याकाठी ओतून दिलेला मोहाचा सडवा, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जप्त ड्रमामागे ओळीनं उभे असलेले शिपाई. हे सगळं ठाऊक असूनही एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मी नालवाडीतल्या आमच्या ओट्यावर उभा राहून (आत रेंज नसते) भाच्याला फोनवर ओरडून सांगितलं, “या रविवारी घरीच रेड टाकतो!”

त्या रात्री मागच्या गल्लीतून दोन निळे ड्रम कुठेतरी गेले. ते नेणाऱ्याशी माझी तोवर ओळख नव्हती. आता तो मला वाकून नमस्कार करतो.

मी बोलत होतो ते कॉम्प्युटरबद्दल. आमच्या कॉम्प्युटरच्या डिस्कमधून टक् टक् असा आवाज यायला लागला होता. तिच्यात 2004 पासूनचे फोटो होते: मुलीचं बारसं, तिचे दात पडलेले, तिचे दात आलेले, गॅदरिंग, अष्टविनायक, आणि माझ्या अंगठ्याचे कॅमेऱ्यासमोर आलेले असंख्य फोटो. सगळे मिळून एकशे साठ जीबी. भाचा पुण्याला याच धंद्यात आहे. तो म्हणाला, “मामा, एक बाहेरची डिस्क घ्या, कॉपी करा, अन् हिंगणघाटला आईकडे ठेवून द्या. झालं.”

इतकं सोपं उत्तर मिळालं की मला अपमान झाल्यासारखं वाटतं. मी शाळेत गणित शिकवतो. कॉपी करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर काढतो. मी वाचन सुरू केलं, आणि त्यात मला रेड भेटली.

कल्पना खरोखर देखणी आहे. 1988 साली अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. एकच थोरली महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळशा लहान, स्वस्त डिस्कची रांग लावा, असं त्यांचं म्हणणं. रेड (RAID) या नावातलं ‘आय’ हे अक्षर मुळात ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चं, म्हणजे स्वस्तचं. पुढे ते ‘इंडिपेंडंट’चं, म्हणजे स्वतंत्रचं झालं. का झालं, ते बिल हातात आल्यावर मला कळलं.

एक डिस्क मेली तरी माहिती वाचते, ती अशी. तीन डिस्कवर एकेक अंक लिहायचा, एक किंवा शून्य. तिन्हींत मिळून एकची संख्या विषम आली तर चौथ्या डिस्कवर 1 लिहायचा, सम आली तर 0. आता यातला कोणताही एक अंक पुसा, उरलेल्या तिघांवरून तो सापडतो. रेडचे प्रकार आहेत; मी निवडलेल्या रेड पाचमध्ये हा हिशेब एकाच डिस्ककडे कायम नसतो, बचत गटातल्या अध्यक्षपदासारखा आळीपाळीनं फिरतो. मी हे बायकोला गव्हाचे दाणे मांडून समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ते दाणे परत कोठीत टाकले.

त्याच निबंधात आणखी एक हिशेब आहे, तो मी वाचला आणि पान उलटलं. सरासरी 30,000 तास टिकणाऱ्या शंभर डिस्क एकत्र ठेवल्या, तर सरासरी 300 तासांत, म्हणजे दोन आठवडेही भरायच्या आत, त्यांतली एक मरणार. डिस्क वाढल्या की मयती वाढतात, म्हणून तर ती चौथ्याची भानगड. मी एका डिस्कवरून चारांवर जात होतो. गणिताच्या मास्तराला एवढं तरी दिसायला हवं होतं.

खरं तर आमच्या मदरबोर्डातच रेडची सोय होती. कामचलाऊ म्हणून मी ती नाकारली. मला ‘हार्डवेअर’ हवं होतं: स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःची बॅटरी असलेलं स्वतंत्र कार्ड. नवीन कार्डाची किंमत पाहून मी कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरमधून उपसलेलं जुनं कार्ड साडेचार हजारांत मागवलं. वर चार डिस्क, एक-एक टीबीच्या, टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरच्या. एकशे साठ जीबीचे फोटो ठेवायला तीन हजार जीबीची जागा. पोत्यात जिऱ्याचा दाणा.

रविवारी रेड टाकली. कार्ड खोबणीत बसलं, बटण दाबलं, आणि स्क्रीन काळीच राहिली. कार्ड काढलं की कॉम्प्युटर चालू, घातलं की बंद. भाच्याला फोन केला (या वेळी आतून, कुजबुजत). तो म्हणाला, हे जुनं दुखणं आहे. ज्या तारेवर मदरबोर्ड आपल्या मेमरीची विचारपूस करतो, त्याच तारेवर हे सर्व्हरचं कार्ड मध्येच बोलतं. उपाय काय? कार्डाच्या सोनेरी काठावरच्या पाचव्या आणि सहाव्या पिनेवर सेलोटेप चिकटवायची. मला ही थट्टाच वाटली. पण थट्टा नव्हती, जगभर लोक हेच करतात. एकेका मिलिमीटरवर एकेक पिन. बायकोची नखं कापायची कात्री, माझा वाचायचा चष्मा, त्यावर मुलीचं भिंग. तासाभरानं टेप बसली. ती कार्डाच्या उलट्या बाजूला बसली होती. दुसरा तास सुलट्या बाजूसाठी.

मग केबल. कार्डाकडे एक जाडं टोक आणि डिस्ककडे चार बारीक टोकं, अशी केबल लागते. ती मी नागपूरहून, सीताबर्डीतून, स्वतः जाऊन आणली. जायला-यायला दीडशे किलोमीटर, मध्ये तर्री-पोहे. घरी येऊन लावली तर कार्डाला एकही डिस्क दिसेना. ही केबल दोन जातींची असते. एक कार्डाकडून डिस्ककडे जाणारी, दुसरी मदरबोर्डाकडून डिस्कच्या खणाकडे जाणारी. दोघी दिसायला सख्ख्या जुळ्या बहिणी, पण आतल्या तारा उलट. माझ्या वाट्याला कोणती आली असेल ते सांगायची गरज नाही. पुन्हा नागपूर, पुन्हा पोहे. पोहेवाल्यानं या वेळी तर्री जास्त घेता का विचारलं, इतकी ओळख झाली.

एवढं होईस्तोवर मे उजाडला. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटत नाही. पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. या कार्डाचा जन्म सर्व्हरच्या थंडगार खोलीतला. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं की त्याच्यावरून मिनिटाला दोनशे फूट वेगानं वारा वाहिला पाहिजे. आमच्या डब्यात वारा नव्हताच. मी कार्डाच्या जाळीला बोट लावून पाहिलं आणि ते बोट आठवडाभर पट्टीत ठेवलं. मग हॉलमधला कूलर ओढत नेऊन उघड्या डब्यापुढे लावला.

“लेकराले घामोळ्या आल्या, अन् कूलर त्या डब्ब्याले?” बायको म्हणाली. “त्यालेच जेवू घाला आता.”

खसाच्या ओल्या वाऱ्यात विजेचं यंत्र ठेवू नये, हे तिनं नव्हे, भाच्यानं सांगितलं. कूलर परत गेला. टेबलफॅन आला.

शेवटी एकदाच्या चारही डिस्क फिरायला लागल्या. रात्री मी दिवा मालवून तो आवाज ऐकत बसायचो. 1932 ते 1938 या काळात विनोबा आमच्या नालवाडीत राहत होते. तासन्‌तास सूत कातायचे, आणि निव्वळ कातण्याच्या मजुरीवर माणसाचं जेवण भागतं का, हा प्रयोग त्यांनी स्वतःच्या पोटावर केला. त्याच गावात मी मिनिटाला 7200 फेऱ्यांनी चार चकत्या फिरवत होतो, आणि सूत काही निघत नव्हतं. वेगही नव्हता. कार्डासोबत आलेली बॅटरी पापडासारखी फुगलेली होती, ती मी काढून टाकली. आणि बॅटरी नसली की हे कार्ड घाबरून प्रत्येक अक्षर थेट डिस्कवर लिहून मगच पुढे सरकतं. जुनी टकटकणारी डिस्क यापेक्षा चपळ होती.

तिचं काय झालं ते सांगतो. सगळे फोटो नव्या रांगेत गेल्यावर मी ती शाळेत नेली आणि आठवीच्या पोरांना पेचकसानं उघडून दाखवली. आतली चकती आरशासारखी असते. पोरांनी तिच्यात पाहून भांग पाडले. विज्ञानाचा तास फार रंगला.

चौथ्या दिवशी रात्री दोन वाजता कार्ड किंचाळायला लागलं. त्यावर एक भोंगा असतो, बारका, पण त्याचा आवाज चार घरं ओलांडून जातो. झालं होतं ते असं: घरगुती डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही तर ती बिचारी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. रेडसाठी बनवलेली डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते. कार्डाला तेवढीच सवय. आमची डिस्क प्रामाणिकपणे धडपडत राहिली, आणि कार्डानं ती मेली असं जाहीर करून बोंब ठोकली. भोंगा कसा बंद करायचा ते मला माहीत नव्हतं. ओट्यावर शेजारचे निवृत्त गुरुजी टॉर्च घेऊन उभे.

“कोनाच्या घरी रेड पडली?”

“माझ्याच, गुरुजी.”

मागच्या गल्लीत ड्रम गडगडले.

आता मला जे करायचं होतं ते अगदी थोडं होतं. स्क्रीनवर लिहिलेलं होतं की 2 नंबरची डिस्क गेली. ती काढायची, नवी घालायची, बाकी तिघी हिशेब करून तिला भरतात. मी वरून मोजलं, एक, दोन, आणि दुसरी डिस्क ओढून काढली.

कार्ड शून्यापासून मोजतं. शून्य, एक, दोन, तीन. मी काढली ती 1 नंबरची, चांगली, जिवंत डिस्क. शून्याचा शोध भारतानं लावला हे मी दरवर्षी वर्गात टाळ्या घेत सांगतो.

एक गेली तर रेड पाच सावरते. दोन गेल्या की संपलं. मी घाईनं ती परत खुपसली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर कार्ड म्हणालं की ‘फॉरेन’ रचना सापडली आहे, आत घेऊ की पुसू? रात्रीचे अडीच वाजलेले. माझ्या घरात, मी स्वतः विकत आणलेल्या डिस्कवर फॉरेन काय असणार? मला वाटलं, व्हायरस. मी म्हटलं, पूस. मग नवी रचना करू का, म्हणालं. कर. इनिशियलाइज? हो. दरवेळी ‘नक्की का?’ असं ते विचारत होतं, आणि मी नक्की आहे असं सांगत होतो. फॉरेन म्हणजे माझीच डिस्क होती. आत घे म्हटलं असतं तर बहुतेक सगळं परत आलं असतं.

सकाळी गुरुजी चहाला आले. तरुणपणी ते सर्वोदयवाल्यांमध्ये वावरलेले. त्यांनी सगळी कथा ऐकली आणि बशीत चहा ओतत म्हणाले, “बाबू, विनोबांनं बडोद्याले आईसमोर आपले सर्टिफिकिटं चुलीत टाकले होते. कविता करत, त्याही जाळत. त्यायले चूल पेटवा लागली. तुह्यं तर निस्तं बटनावर भागलं.” मग जरा थांबून, “गीताई मंदिरात जाऊन पाय एक डाव. अठरा अध्याय गोट्यावर कोरले हायेत. वरतं छत नाई, लाइन नाई. 1980 पासून एक अक्षर हाललं नाई.”

ते मंदिर गोपुरीत आहे, आमच्यापासून चालत जाण्यासारखं. मी गेलो नाही. ग्रॅनाइटवर एकशे साठ जीबीला किती जागा लागेल याचा हिशेब मात्र मनातल्या मनात करून पाहिला.

फॅमिली ग्रुपवर मी कबुली दिली. आधी सगळ्यांनी रडके चेहरे पाठवले, मग फोटो यायला लागले. आर्वीच्या आत्यानं अल्बमच एसटीत बसवून पाठवला, कंडक्टरच्या हवाली. पुलगावच्या साडूंच्या जुन्या फोनमध्ये आमची अष्टविनायक सापडली. हिंगणघाटच्या ताईकडे जे नव्हतं ते पुण्याच्या भाच्याकडे, त्याच्याकडे जे नव्हतं ते अमरावतीच्या बहिणीकडे. स्वस्त आणि स्वतंत्र, दोन्ही अर्थांनी ती रांग पुरी होती. पण फोनाफोनीत फोटो चुरगळून बारीक झालेले, आणि बारशाच्या फोटोवर कुणीतरी गुलाबाचं फूल ठेवून ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं. दिवाळीपर्यंत एकोणीस हजारांतले तेवीसशे जमले. मुलीच्या तिसरी-चौथीचे चौदाच आहेत. त्यांतल्या तिघांत माझा अंगठा आहे.

दिवाळीला भाचा आला. येताना बाहेरच्या दोन डिस्क घेऊन आला, एका दुपारी सगळं दोन्हींवर कॉपी केलं, एक आमच्या कपाटात आणि एक हिंगणघाटला. मला काही बोलला नाही. चकल्या मात्र बऱ्याच खाल्ल्या.

कार्ड अजून आहे. टेप लावलेली आहे, केबल दोन्ही जातींची आहे, चालू स्थितीत आहे. कुणाला हवं असेल तर नालवाडीला या, फुकट देतो. फक्त ओट्यावरून हाक मारताना ‘कार्ड न्यायला आलो’ असंच म्हणा. मागच्या गल्लीतल्या माणसाची पाठ आता धरते, त्याला दरवेळी ते ड्रम हलवणं होत नाही.