किती जीबीचं देऊ?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक्स कार्ड घ्यायला गिऱ्हाईक शिरलं की काउंटरवरून दोन प्रश्न येतात. पहिला, ‘बजेट किती?’ दुसरा, ‘किती जीबीचं देऊ?’ तिसरा प्रश्न येत नाही: ‘पडदे किती, आणि ते जोडणार कशाने?’ येणार तरी कसा? तो विचारला की पहिल्या दोन्ही उत्तरांतले आकडे खाली येतात.

आपलं गिऱ्हाईक साधं आहे. चार्टर्ड अकाउंटंट म्हणा, डीटीपीवाला म्हणा, घरून काम करणारा भाषांतरकार म्हणा. डेस्कटॉप दहा-अकरा वर्षांचा. गेम म्हणाल तर पत्ते, तेही घरची मंडळी झोपल्यावर. त्याला फक्त दोन मोठे फोर-के मॉनिटर लावायचे आहेत. एकावर एक्सेल, दुसऱ्यावर जीएसटीचं पोर्टल. पोर्टलवरचं चाक फोर-केवरही गरगर फिरतच राहणार, फक्त आता ते फार रेखीव दिसणार.

आणि घरी येतं काय? तीन पंख्यांचं, सप्तरंगी दिव्यांचं, खोक्यावर तलवार परजणारा वीर छापलेलं गेमिंग कार्ड. टीडीएसचे रकाने भरायला.

‘साहेब, फोर-के म्हणजे आठ जीबी तर लागतंच.’ हे वाक्य दुकानात इतक्या सहज येतं की प्रतिप्रश्न करणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं. तरीही जरा पाटी-पेन्सिल घेऊ. फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. फुल एचडीच्या बरोबर चौपट. दोन पडद्यांचे मिळून १ कोटी ६६ लाख. आकडा ऐकून छाती दडपते, आणि दडपलेल्या छातीचा माणूस घासाघीस करत नाही.

पण गुणाकार अर्ध्यावर सोडू नका. एका ठिपक्याचा रंग लक्षात ठेवायला चार बाइट लागतात. म्हणजे एका पडद्याचं एक पूर्ण चित्र साधारण ३३ एमबीचं. दोन्हींचं ६६. एमबी बरं का, जीबी नव्हे! विंडोज अशी दोन-तीन चित्रं हाताशी ठेवतं, उघड्या खिडक्या आपापली जागा घेतात, ब्राउझर तर हात पसरूनच बसलेला असतो. हे सगळं धरलं तरी नुसत्या कचेरीच्या कामाला दोन जीबी पुरतात. आठ जीबी लागतात त्या राक्षस मारणाऱ्याला. विवरणपत्र भरणाऱ्याचा राक्षस वेगळा असतो आणि तो कार्डाने मरत नाही.

पुरावा हवा? एनव्हिडियाचं क्वाड्रो पी६२० बघा. कचेऱ्यांसाठीच काढलेलं कार्ड. मेमरी दोन जीबी, वीज ४० वॅट, आणि मागे चार मिनी-डिस्प्लेपोर्ट, चार पडद्यांसाठी. पंखा एक, दिवा एकही नाही. खोक्यावर वीर नाही म्हणून ते काचेच्या कपाटात दिसत नाही, इतकंच.

खरी गोम मेमरीत नाही, मागच्या भोकांत आहे. टाकी हजार लिटरची बसवा, नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली भरायला तेवढाच वेळ लागणार. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र सेकंदाला जेमतेम ३० वेळा जातं. सिनेमा बघायला ते चालतं. माउसला चालत नाही. हात पुढे जातो, बाण मागे रेंगाळतो, अक्षरं सरकताना अडखळतात. गिऱ्हाइकाला वाटतं व्हायरस आला. मग तो अँटीव्हायरस विकत घेतो. त्याच दुकानातून.

सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ६० हर्ट्झ हवं असेल तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. पहिलं २०१३ चं, दुसरं २०१० चं. म्हणजे ही काही मंगळावरची विद्या नाही. तरीही खोक्यावर जीबीचा आकडा बोटभर उंच छापलेला असतो आणि भोकाची आवृत्ती मागच्या बाजूला, बारकोडशेजारी, मुंगीच्या अक्षरांत.

आता तर त्या मुंगीच्या अक्षरांवरही भरवसा उरलेला नाही. २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ आलं. पुढे २०२१ च्या अखेरीस परवाने देणाऱ्या संस्थेने खुलासा केला की २.० हे नावच आता उरलेलं नाही, सगळं २.१ मध्ये सामावलं आहे, आणि २.१ मधल्या नव्या सोयी ऐच्छिक आहेत. म्हणजे २.० ची कुवत असलेलं भोकही २.१ चं नाव लावू शकतं, आणि तेही नियमात बसवून! गिऱ्हाइकाने विश्वास तरी कशावर ठेवायचा? आकड्यावर नको. ‘फोर-के, ६० हर्ट्झ’ हे शब्द लिहिलेले दिसले तर त्यांवर ठेवा.

कार्डांच्या नावांची कथा याहून सुरस. एनव्हिडियाचं जीटी ७१० हे २०१६ मध्ये आलेलं, आणि आतली रचना त्याच्याही आधीची. मागे व्हीजीए, डीव्हीआय आणि जुनं एचडीएमआय. फोर-के मिळतं ते एकाच पडद्यावर, तेही ३० हर्ट्झचं. दुसरा पडदा डीव्हीआयला लावला की २,५६० गुणिले १,६०० वर गाडी थांबते. त्या पिढीसाठी नियमित ड्रायव्हर काढणं कंपनीने २०२१ मध्येच थांबवलं. तरी ‘साहेब, स्वस्तात मस्त’ म्हणत हेच पुढे सरकवलं जातं.

जीटी १०३० तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी. पुढच्याच वर्षी डीडीआर४ मेमरीची दुसरी आवृत्ती निघाली. वेग १६.८ जीबी. म्हणजे एक तृतीयांशाच्या आसपास. नाव? तेच. मेमरी? तेवढीच, दोन जीबी. ‘किती जीबीचं देऊ?’ या प्रश्नाला दोन्ही कार्डं एकच उत्तर देतात. प्रश्नाचं मोल त्यावरून काढा.

आता संगणकाच्या डब्याकडे वळू. कचेरीतून उतरलेले ब्रँडेड डबे दिसायला गोंडस, पण त्यांचा वीजपुरवठा बहुधा अडीचशे-तीनशे वॅटचा, आणि कार्डाला वेगळी वीज देणारी वायर त्यात नसतेच. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. एनव्हिडियाचं आजचं मिरवायचं कार्ड, आरटीएक्स ५०९०, एकटं ५७५ वॅट पितं. अख्खा डबा जेवढ्यावर जगतो त्याच्या दुप्पट! मधल्या आकाराच्या कार्डांनाही वेगळी वायर लागतेच. मग दुकानदार गालात हसून एक जोडणी पुढे करतो: हार्डडिस्कची साटा वायर घ्यायची आणि तिच्यावर कार्डाची सहा पिनांची वायर चढवायची. साटाची पिन ५४ वॅटसाठी बनवलेली, मागणी ७५ वॅटची. उरलेल्या २१ वॅटचं काय होतं ते आधी वासाने कळतं, मग धुराने.

शिवाय कार्ड डब्यात मावलं पाहिजे. सडपातळ डब्याला अर्ध्या उंचीचं कार्ड लागतं, आणि त्यासोबत अर्ध्या उंचीची पट्टी खोक्यात आहे का, हे दुकानातच खोकं उघडून बघायचं असतं. घरी जाऊन नव्हे.

अडॅप्टर हा वेगळाच सापळा. डिस्प्लेपोर्टमधून निघून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जाणारी स्वस्त वायर बहुधा ३० हर्ट्झवरच दम टाकते. ६० साठी ‘अॅक्टिव्ह’ अडॅप्टर मागावा लागतो. उलट्या दिशेने, एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टकडे, ती साधी वायर चालतच नाही. दोन्ही टोकं बसतात, चित्र येत नाही. आणि सगळं नीट बसवूनही मॉनिटरची वायर सवयीने मदरबोर्डाच्या जुन्याच भोकात खुपसणारे महाभाग आहेतच. नवं कार्ड आत बसून पंखे फिरवतं. वारा छान येतो.

सगळ्यात मोठा विनोद अजून पुढे आहे. इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे २०१३-१४ चा आय-५, असलेल्या डब्यामागे डिस्प्लेपोर्टचं भोक असेल, तर तो कुठलंही कार्ड न लावता एका फोर-के पडद्याला ६० हर्ट्झ देतो. गेली दहा वर्षं ते भोक तिथेच होतं. त्यात धूळ होती, आणि शेजारच्या निळ्या व्हीजीएत वायर होती. एकच मोठा पडदा हवा असेल तर खर्च एका वायरीचा. पण एक वायर विकण्यासाठी कुणी लॅमिंग्टन रोडवर गाळा घेत नाही.

बरं, सगळं जमलं. दोन पडदे झळकले. आणि अक्षरं? मुंगीएवढी. सत्तावीस इंचांवर फोर-के शंभर टक्क्यांवर ठेवलं तर चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना रकमेतला शून्य आणि टिंब सारखेच दिसतात. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन दीडशे टक्के करायचं. केलं की मावणारा मजकूर २,५६० गुणिले १,४४० एवढाच. दोनशे केलं तर थेट फुल एचडीएवढा. अक्षरं सुबक होतात हे खरं, आणि दिवसभर वाचणाऱ्याला त्याचं मोल आहे. पण ‘चौपट एक्सेल मावेल’ अशा आशेने गेलेल्याला चौपट ठिपके मिळतात आणि रकाने पूर्वीइतकेच, फार तर थोडे जास्त.

आता राहिलं विंडोज. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते, असं त्यांची यादी म्हणते. आपला चौथ्या पिढीचा डबा तिच्यात नाही. म्हणजे महागडं कार्ड ज्यात बसवायचं, त्या यंत्राचं कागदोपत्री तेरावं उरकलेलं आहे. लिनक्स टाकून ते आणखी बरीच वर्षं काम करेल, यात शंका नाही. पण त्यासाठी तीन पंख्यांचं कार्ड घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

तेव्हा दुकानात जाण्याआधी डब्यामागे वाकून भोकं बघा, वीजपुरवठ्यावरचा वॅटचा आकडा वाचा, डब्याची उंची मोजा. मग काउंटरवर पहिला प्रश्न तुम्हीच टाका: ‘७५ वॅटच्या आतलं, वेगळी वायर न लागणारं, फोर-के ६० हर्ट्झची दोन भोकं असलेलं कार्ड दाखवा.’ अशी कार्डं आहेत. एएमडीचं आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचं, अर्ध्या उंचीतही मिळतं, मागे एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट. गेम खेळणारे त्याला नाकं मुरडतात, कारण जुन्या मदरबोर्डवर त्याचा खेळातला वेग घटतो. एक्सेलला तो वेग लागत नाही. दुकानदाराने तरीही ‘किती जीबीचं देऊ?’ विचारलंच, तर दुकान बदला.