डोक्यावरचं पायाखाली

“काय वो वहिनी, सकाळपासनं आरा मशीनचा टेम्पो दारात उभा. बंगला बांधायलात की बैलगाडी?”

भिंतीपलीकडं वहिनींनी हातातली परात ठेवली. “लाकडाची फरशी करायलोत ताई, हॉलमधी!”

परभणीत लाकडाची फरशी! आपल्याला शहाबादी माहीत, कोटा माहीत, हल्ली मोरबीच्या चकचकीत टाइल्स. शहाबादीशी तर जुनी सोयरीक. १९४८ पर्यंत शहाबाद अन् परभणी दोन्ही निजामाच्याच राज्यात. लाकूड मात्र आपल्याकडं डोक्यावर असायचं. सागाच्या तुळया, त्यावर किलचन, त्यावर पांढरी माती, झालं माळवद.

“तेच तर उतरवलं गावाकडचं! पाच खणाचा साग निघाला. व्यापारी जळणाच्या भावात मागायलाय. पुण्याचं पोरगं म्हणलं, विकू नका, पाऊण इंची फळ्या पाडा. पण खिळे काढता काढता जीव गेला माय. एक जरी आत राहिला तर आऱ्याचं पातं तुटतंय म्हणे.”

“अन् भिंती तर दिवाळीतच पोपटी करून बसलात.”

“तिथंच फसलो! सुतार आला, भिंतीकडं बघून कपाळाला हात लावला. म्हणला, मावशी, डब्यातले रंग शेकड्यानं मिळतेत, तुमचा साग एकाच रंगाचा. आधी जमीन ठरवायची, मग भिंत.”

मग त्यानं दोन फूट फळीला पॉलिश मारून ती भिंतीला टेकवून ठेवली म्हणे. सकाळच्या उन्हात एकदा बघा, रात्री ट्यूबलाइटात एकदा. पोपटीजवळ साग विटकरी दिसायला लागला. क्रीम रंगाचा पट्टा मारला तर भिंतही पिवळी, फळीही पिवळी. घरात कुणाची हळद असल्यासारखं. शेवटी पांढऱ्यात चिमूटभर राखाडी टाकली, तेव्हा कुठं साग सागासारखा दिसला.

“सूनबाईला काळपट पाहिजे होती, मोबाईलात बघितल्याली.”

“काळ्या फरशीवर आपली धूळ? दिवसातनं तीनदा झाडू!”

“मी तेच म्हणलं. अन् फळ्या टाकल्या टाकल्या सतरंजी अंथरायची नाही बरं का. ताजा कापलेला साग उजेडानं हळूहळू रंग धरतोय. झाकलेला तुकडा तसाच राहतो, चौकोन उमटतो.”

एवढी माहिती ऐकल्यावर मला कोपऱ्यावरच्या घराची आठवण येणारच. त्यांनीही लाकडाची फरशी म्हणून गल्लीभर मिरवलं होतं. लाकूड कसलं, दाबलेल्या भुशाच्या पाटीवर लाकडाचा फोटो! वैशाखात कूलर गळला अन् फरशी पापडासारखी फुगली. आता तिथं सोफा सरकवलाय. पाहुणे विचारतात, सोफा दारात कशाला?

“आपला कूलर खिडकीबाहेर टांगणार,” वहिनी म्हणाल्या. “अस्सल सागसुद्धा पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. म्हणून भिंतीकडनं अर्धा इंच मोकळं सोडून वरून पट्टी मारणारेत. अन् ओला पोछा बंद. पिळून पिळून पुसायचं.”

“कामवाली ऐकली म्हणायची!”

“कामवालीचं सोडा, सासूबाई ऐकनात. तीन दिवस अबोला. म्हणतेत, साठ वर्सं ज्याच्याखाली झोपले, त्याच्यावर पाय देऊ? आतापर्यंत घरानं सावली दिली, आता त्याला तुडवा.”

खोटं नाही वाटलं मला. म्हातारीचं अख्खं आयुष्य त्या तुळया मोजण्यात गेलेलं.

“मग हो?”

“मधली तुळई कापू दिली नाही. टेम्पोतनं उतरवून घेतली. शेवटी तिचा झोपाळा करायचं ठरलं.”

“हे बरं झालं. बसणार ना त्या?”

“बसते म्हणल्या. पण पाय खाली टेकणार नाही म्हणल्या.”

“मग झोका कोण देणार?”

वहिनींनी परात उचलली. “मी आहेच की.”