नाकापेक्षा लेन्स जड

पोर्ट्रेट सुधारायचं तर खरा अभिप्राय हवा, आणि आपल्या मंडळींकडून तो निघणं महाकठीण. ग्रुपवर फोटो टाकला की "मस्त!", "कडक!" आणि पाठोपाठ अंगठे. त्या अंगठ्यांच्या जोरावर मी नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनचा नामांकित छायाचित्रकार झालो होतो. फक्त गावाला अजून पत्ता नव्हता.

एप्रिलात साताऱ्याहून सासूबाई आल्या. त्यांना घेऊन अ‍ॅमस्टरडॅमसे बोस या जंगलवजा उद्यानातली चेरीची बाग गाठली. जपानी महिलांच्या क्लबने २००० साली दिलेली ही ४०० झाडं. प्रत्येक झाडाला बाईचं नाव, निम्मी जपानी, निम्मी डच. एवढ्या बायकांच्या साक्षीने मी सासूबाईंना टळटळीत उन्हात उभं केलं, २४ मिमीची लेन्स चढवली आणि थेट तोंडाशी जाऊन शटर दाबलं.

फोटो बघून त्या म्हणाल्या, "जावईबापू, बाग छान आलीय. हे नाक कुणाचं?"

ग्रुपवर मात्र "मस्त!"

शेजारच्या डच आजोबांना दाखवला. "वाईट आहे," ते शांतपणे म्हणाले, आणि कॉफी ओतून कारणं सांगायला बसले. नाक लेन्सने नाही, तुझ्या जवळ जाण्याने वाढलं. ८५ मिमी लाव, मागे सरक. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. इथे वर्षभर फुकट ढग मिळतात, ते वापर. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. "मस्त"ने छाती फुगायची. या "वाईट"ने पाय कुठे ठेवायचे ते कळलं.

माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनी रेम्ब्रांटची गोष्ट सांगितली. १६५४ साली दिएगो द'आन्द्रादा नावाच्या व्यापाऱ्याने तक्रार केली, की एका तरुण मुलीचं चित्र तिच्यासारखं दिसत नाही. बदल, नाहीतर ७५ गिल्डरचा विसार परत दे. रेम्ब्रांटने आधी उरलेले पैसे मागितले. माझ्या सासूबाईंनी मुलगी परत मागितली नाही, हे त्यांचे उपकारच.

मग एका ढगाळ सकाळी त्यांना हॉलच्या खिडकीशी तिरकं बसवलं. उजेड एका बाजूने आला, आणि दुसऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटला. यालाच रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात. सासूबाईंनी चष्मा पुसून फोटो पाहिला. "हं. ही मी."

त्या "हं"ने डोक्यात हवा गेली. पुढच्याच आठवड्यात एका मराठी जोडप्याने बाळाचा पासपोर्टचा फोटो काढायला सांगितला. मी खिडकी साधली, ढग साधले, गालावरचा त्रिकोण तर असा नेमका, की आजोबांनीही मान डोलवली असती. बाळाचा अर्धा चेहरा अंधारात गूढ दिसत होता.

फोटो नापास होऊन परत आला. शेरा एका ओळीचा आणि अत्यंत विधायक: चेहऱ्यावर सावली नको. रेम्ब्रांटने स्वतः काढला असता, तरी त्या बाळाला पासपोर्ट मिळाला नसता.