बोट, बापू आणि सुरमई

मालवाहू जहाजांचे फोटो काढायचा छंद आहे म्हटलं, की समोरचा विचारतो, "मुंबईला असता का?"
"कोरेगावला."
"पार्क?"
"नाही हो, सातारा-कोरेगाव."
मग तो माझ्याकडे, उसाच्या फडात गळ टाकून बसलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतो. त्याचंही बरोबर आहे. आमची तीळगंगा पावसाळ्यात नदी असते, एरवी पत्ता सांगायच्या उपयोगी पडते. मला पोहता येत नाही. लहानपणी रेल्वेच्या फाटकावर मालगाडीचे डबे मोजायची खोड लागली, ती पुढे समुद्रात घसरली. मोठ्या जहाजांना आपलं नाव, जागा, वेग रेडिओवरून सतत सांगत राहावं लागतं. ते फोनच्या नकाशावर दिसतं. त्यामुळे अरबी समुद्रात कोण कुठे निघालंय हे मला कोरेगावात ताटावर बसून ठाऊक असतं. घरातलं दळण संपलंय, एवढंच ठाऊक नसतं.

या खेपेला बेत जयगडचा होता. मेव्हणा बापू सोबत आला, तो सुरमईसाठी. पहाटे चारला निघालो. पाटण, कोयनानगर गेलं, आणि कुंभार्ली घाटात मी बापूला शिकवायला घेतलं. "दिवसा जहाजाच्या पुढच्या अंगाला एक काळा गोळा टांगलेला दिसला, की समजायचं नांगर टाकलाय. आंतरराष्ट्रीय नियम आहे. निदान 60 सेंटिमीटर व्यासाचा गोळा."
"आन् सुरमई केवढी आसती?" बापूने विचारलं.

चिपळूण, गुहागर, तवसाळ. तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढून खाडी ओलांडली. मी सगळा वेळ डोळे मिटून होतो, त्यामुळे जयगडचा किल्ला छान असावा एवढंच म्हणतो.

दीपगृहाजवळच्या सड्यावर तिपाई लावली. समोर बल्क कॅरिअर! असली जहाजं कोळसा, खनिज असा सुटा माल नेतात. हे रिकामं असावं, कारण नाकाडाखालचा फुगीर कंद पाण्याबाहेर आला होता. नकाशा बघावा तर फोनला रेंज नाही. "आता हे निघणार," मी म्हणालो, "आणि दीपगृहासमोरून जाताना मी टिपणार."

अकरा वाजले. बारा वाजले. लेन्सवर एक काळा ठिपका दिसत होता. रुमालाने पुसला. गेला नाही. तोंडाची वाफ मारून पुसला, बनियनने पुसला. मग दुकानदाराला फोनवर झापायचं ठरवलं, पण रेंज नव्हती. एकच्या सुमाराला जहाज हळूहळू वळायला लागलं. "निघालं!" मी ओरडलो आणि धडाधड बटण दाबलं. ते वळलं, आम्हाला पाठ दाखवली आणि तसंच उभं राहिलं.

"दाजी," बापू म्हणाला, "ह्ये पंक्चर हाय."
"भरती-ओहोटी बदलली की नांगराला बांधलेलं जहाज प्रवाहाबरोबर फिर..." आणि माझी जीभ तिथेच थांबली.
बापू शांतपणे म्हणाला, "त्यो काळा गोळा घाटात सांगितलावता, त्यो कुठं आसतो म्हनला?"

तीन वाजत आले होते. माझ्याकडे एका उभ्या जहाजाचे 214 फोटो होते, त्यांतल्या निम्म्यांत तो गोळा ठसठशीत होता.

इज्जत वाचवायला मी जहाजाच्या पाठीवरचं नाव दाखवलं. खाली लिहिलं होतं मोनरोव्हिया. म्हणजे लायबेरियाची राजधानी. मालक भलत्याच देशातला असतो. नोंदणी स्वस्त पडते, कर वाचतो, म्हणून तिथलं नाव.
"म्हंजी गाडी हितली, पासिंग पुदुच्चेरीचं," बापूने दोन शब्दांत उरकलं.

परतताना एका टपरीवर चहा घेतला. मावशींनी कॅमेऱ्यातले फोटो मागून घेतले. कंद बघितला, मोनरोव्हिया बघितलं, सात आकडी आयएमओ क्रमांकही बघितला. जहाजाचं नाव बदललं, मालक बदलला, तरी हा क्रमांक शेवटपर्यंत बदलत नाही, असं मी कौतुकाने सांगितलं.
"यात माणसं कुठंच नाहीत ती?" त्यांनी विचारलं. "माझा मुलगा अशाच शिपवर असतो. आता सात महिने झाले."

मी गप्प झालो. एवढं अवाढव्य धूड वीस-बावीस माणसं चालवतात हे मला पाठ होतं. एकाही फोटोत मी त्यांना शोधलं नव्हतं. एकेक फोटो मोठा करत गेलो. एकशे कितव्या तरी फोटोत, मागच्या कठड्याशी, नारिंगी डगल्यातला तांदळाएवढा माणूस सापडला. शेजारी दोरीवर टॉवेल वाळत होता.

मावशींनी चष्मा पुसला, पडद्यावर बोट टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. तो कुठला, कोण, काही विचारलं नाही.
"जेवला असंल का हा?" एवढंच म्हणाल्या.

मला बोलवेना. बापूला बोलवलं.
"मावशी, त्यो जेवला आसंल," तो म्हणाला. "आमी न्हाय जेवलो."