हवाई अंतराचे तात्या

तुम्ही नागपूरला निघालात हे डोंबिवलीच्या तात्यांना कळता कामा नये. कळलं की जिन्यातच अडवतात. "किती किलोमीटर?" आपण गाफीलपणे "आठशे असेल" म्हणालो की संपलं.

"मुंबईहून रेल्वेनं 837. समृद्धीनं 701, पण तेही आमण्यापासून. इथून आमण्यापर्यंतचं कोण मोजणार? आणि हवाई अंतर?" इथे तात्या डोळे मिटतात. "सहाशे ऐंशीच्या आसपास. ताशी आठशेनं धरा. एकावन्न मिनिटं! आपला चहा निवत नाही तेवढ्यात."

तिकिटावर दीड तास लिहिलाय, असं कोणी म्हणालंच, तर तात्या त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. "अहो, तो दीड तास विमान जागचं हललं की सुरू होतो आणि पलीकडे जाऊन उभं राहिलं की संपतो. धावपट्टीसाठीची रांग, वरच्या घिरट्या, सगळं त्यात. वर थोडा वेळ पदरचा घालतात. मग दहा मिनिटं लवकर पोचलो की तुम्ही खूश!"

हे सगळं खरं असतं. तात्यांना खोडून काढता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

पुतण्या सॅन फ्रान्सिस्कोला निघाला तेव्हा त्यांनी काकूंच्या शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढला, पृथ्वीगोलावर मुंबईपाशी एक टोक अंगठ्यानं दाबलं आणि दोरा ताणला. तो ना अटलांटिकवरून गेला ना पॅसिफिकवरून. गेला वर उत्तर ध्रुवाच्या बाजूनं. "बघ, हा खरा जवळचा रस्ता!" पुतण्या तेव्हा व्हिसाचे कागद शोधत होता. ते पृथ्वीगोलाखालीच होते. लंडनला जाताना जास्त वेळ आणि येताना कमी का, हेही त्याला त्याच बैठकीत ऐकावं लागलं: वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, येताना ते पाठीशी असतात.

तात्यांच्या हिशेबात दोनच गोष्टी कधी येत नाहीत. एक, डोंबिवली ते सहार विमानतळ. दुसरी, सामानाचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो ही.

भाचीचं लग्न नागपूरला होतं. काकू आदल्या संध्याकाळी कल्याणहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसल्या आणि सकाळी न्हाऊनमाखून मांडवात पहिल्या रांगेत हजर. तात्या एकावन्न मिनिटांच्या भरवशावर सकाळी निघाले, पहिलं विमान हुकलं, आणि दुसऱ्यानं सोनेगाव विमानतळावर उतरून कार्यालयात आले तेव्हा पंगतीत मठ्ठा फिरत होता. टेकतात न टेकतात तोच शेजारच्याला म्हणाले, "विमान मात्र वेळेआधी उतरलं हो!"

तेव्हा मंडळी, तुमच्याकडच्या कार्याला तात्या हवेच असतील, तर त्यांच्या पत्रिकेवर मुहूर्त चार तास अलीकडचा घाला. आणि काकूंना खरा कळवा.